उघडत्या पुलाचं वेळापत्रक: बोट थांबवायची की गाड्या?

भोंगा एकदा लांब वाजतो, मग एकदा आखूड. पुलाकडे येणाऱ्या बोटीची ही हाक असते: मला पलीकडे जायचंय, वाट दे. पूल उघडता येणार असेल तर चालवणाराही एक लांब, एक आखूड असंच उत्तर देतो. जमणार नसेल तर लागोपाठ पाच आखूड भोंगे. हल्ली बरंचसं बोलणं व्हीएचएफ रेडिओवर होतं, पण अमेरिकेच्या नियमावलीत ही भोंग्यांची भाषा अजूनही जशीच्या तशी आहे.

त्या हाकेमागे कायद्याचं बळही मोठं आहे. एखाद्या पुलासाठी वेगळा नियम केलेला नसेल, तर बोटीनं मागणी केल्यावर तो विनाविलंब आणि पूर्ण उघडलाच पाहिजे, असा तिथला मूळ नियम. बोट एकच का असेना, तिच्यावर दोनच माणसं का असेनात. तिकडे रस्त्यावर फाटकासमोर पहिला उभा असलेला गाडीवाला डोलकाठी हळूहळू सरकताना बघतो आणि मनात हिशोब मांडतो: एकाच्या हौसेपायी आम्ही शंभर जण खोळंबलो.

हा हिशोब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शंभर विरुद्ध एक असं डोकी मोजून ठरवायचं म्हटलं तर पूल कधीच उघडणार नाही. आणि ज्या पाण्यातून जाताच येत नाही, तिथे बंदर, गोदी, बोटींची दुरुस्ती यातलं काहीच टिकत नाही. खरा प्रश्न कोण मोठा हा नाहीच. तेवढ्याच बोटी सोडायच्या असतील तर कुठल्या मिनिटाला सोडल्या म्हणजे सगळ्यांचं मिळून कमीत कमी नुकसान होईल, हा आहे. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी गणितात सापडतं आणि ते गणित वाटतं तेवढं अवघड नाही.

नदी आधी, पूल नंतर

बोटीला झुकतं माप का, हे आधी पाहू. नदी हा रस्त्यांच्याही आधीचा रस्ता. जिथे जहाजं आधीपासून ये-जा करत होती तिथे पूल बांधायची परवानगी मागणाऱ्याला अट घातली जायची: बांध, पण वाहतूक अडवू नकोस. उंच पूल परवडत नसेल तर उघडता बांध. म्हणजे कायद्याच्या नजरेत पूल हा पाण्यावरचा पाहुणा. अमेरिकेत १९४६च्या कायद्यात हाच विचार आहे आणि १९६७पासून पुलांचे हे नियम तिथलं तटरक्षक दल पाहतं. लंडनच्या टॉवर ब्रिजवरही नदीतल्या वाहतुकीला रस्त्यापेक्षा अग्रक्रम आहे. हा पूल १८९४ साली सुरू झाला. अजूनही तो वर्षाला सुमारे ८०० वेळा उचलला जातो आणि चोवीस तास आधी कळवलं तर बोटीला पैसेही पडत नाहीत. १९९७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या गाड्यांचा ताफा ‘ग्लॅडिस’ नावाच्या शिडाच्या बार्जमुळे (सपाट तळाच्या मालवाहू बोटीमुळे) याच पुलावर दोन तुकड्यांत विभागला गेला. बार्जनं वेळ आधीच घेतलेली होती. राष्ट्राध्यक्षांनी घेतलेली नव्हती.

कायदा बाजूला ठेवला तरी बोटीची एक शारीरिक अडचण उरतेच. गाडी ब्रेक दाबून जागच्या जागी उभी राहते. बोटीला ब्रेक नसतो. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तोवरच ते काम करतं, त्यामुळे वेग फार कमी झाला की बोट वळवणंच कठीण होतं. मागून प्रवाह असेल तर इंजिन बंद करूनही ती पुलाकडे ओढली जाते. वारा बाजूनं असेल तर शिडाची होडी अरुंद पात्रात आडवी होते. मालाच्या बार्जांची लांब माळ ढकलणाऱ्या टगला थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं. खोल बुडणारं जहाज तर भरतीवर अवलंबून असतं. अर्धा तास उशीर झाला आणि पाणी उतरलं की पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम. म्हणून ‘बोटींनी थांबावं’ हे सरसकट म्हणता येत नाही. इंजिनाची छोटी हौशी बोट, चांगल्या हवेत आणि बांधायला जागा असेल तर निवांत थांबू शकते. बार्जांची माळ थांबू शकत नाही. जवळजवळ प्रत्येक नियमावलीत हा भेद कुठे ना कुठे दिसतोच.

पाच मिनिटांत काय काय होतं

पूल उघडणं म्हणजे बटण दाबलं आणि झडप, म्हणजे पुलाचा उचलला जाणारा भाग, वर गेली, इतकं सोपं नसतं. आधी रस्त्याचा सिग्नल लाल होतो, घंटा वाजते, फाटकं खाली येतात. मग पुलावर उरलेलं शेवटचं वाहन, शेवटचा सायकलवाला आणि मध्येच फोटो काढत उभा राहिलेला तो एक जण बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. ही पाहणी किती महत्त्वाची असते ते १९५२च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरच दिसलं. घंटा वाजलीच नाही आणि ७८ नंबरची बस पुलावर असतानाच तिच्या पायाखालची झडप वर जाऊ लागली. चालक अल्बर्ट गुंटर यांनी थांबण्याऐवजी वेग वाढवला आणि बस समोरच्या, अजून न हललेल्या झडपेवर उडवून नेली.

पूल मोकळा झाला की झडपा एकमेकींत अडकवणाऱ्या कड्या निघतात, झडपा वर जातात, बोट जाते, झडपा खाली येतात, कड्या पुन्हा बसल्याची खात्री होते आणि शेवटी फाटकं उघडतात. यात प्रत्यक्ष बोट जायचा वेळ थोडासाच. बाकीची सगळी मिनिटं बोट एक असो की पाच, तेवढीच लागतात. हा ठरलेला खर्च लक्षात ठेवा. पुढचा बराचसा हिशोब त्यावरच उभा आहे.

यातली काही मिनिटं वाचवायची एक उघड युक्ती म्हणजे झडप बोटीपुरतीच उचलायची. टॉवर ब्रिजवर लहान बोटीसाठी झडपा पूर्ण ८६ अंशांपर्यंत नेत नाहीत. अमेरिकेचा नियम मात्र ‘पूर्ण’ या शब्दावर अडून आहे. तांडेलाच्या बाजूनं पाहिलं तर ते पटतंही. अर्धवट उचललेल्या झडपेखालून डोलकाठी जाईल की नाही, हा अंदाज लाटांवर डोलणाऱ्या बोटीतून करायला कुणाला आवडेल?

रांगेचं गणित

समजा पुलावर येणाऱ्या रस्त्याची एक लेन घेतली. हिरवा दिवा मिळाला की रांगेतल्या गाड्या मिनिटाला साधारण ३० या गतीनं सुटतात. तासाला १८०० गाड्या, हा वाहतूक अभियंत्यांचा नेहमीचा अंदाज. आता पूल ५ मिनिटं बंद राहिला.

दुपारी मिनिटाला १० गाड्या येत असतील तर फाटक उघडेपर्यंत ५० गाड्या साचतात. मग मिनिटाला ३० निघतात, १० नव्या येतात, म्हणजे रांग मिनिटाला २० नं घटते. अडीच मिनिटांत सगळं पूर्ववत.

संध्याकाळी मिनिटाला २४ गाड्या येत असतील तर १२० साचतात आणि रांग मिनिटाला फक्त ६ नं घटते. ती संपायला २० मिनिटं लागतात. गर्दी आणखी थोडी वाढून मिनिटाला २७ झाली, तर १३५ गाड्या साचतात, घट मिनिटाला ३ आणि रांग संपायला ४५ मिनिटं. पूल तिन्ही वेळा ५ मिनिटंच बंद होता.

प्रत्येक गाडीची थांबलेली मिनिटं एकत्र केली तर दुपारचा तोटा सुमारे १८८ गाडी-मिनिटांचा, पहिल्या संध्याकाळचा १५०० आणि दुसऱ्या संध्याकाळचा ३३७५ गाडी-मिनिटांचा. आठपट आणि अठरापट. गाड्या मात्र अडीच-पावणेतीन पटच वाढलेल्या. रस्ता भरत आला की त्याच्याकडे शिल्लक क्षमता उरत नाही आणि झालेलं नुकसान भरून काढायला लागते ती नेमकी तीच शिल्लक. त्यामुळे ‘आज पूल किती वेळा उघडला’ हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. दुपारी आठदा उघडलेला पूल संध्याकाळी एकदाच उघडलेल्या पुलाइतकाच महाग पडतो.

शिवाय १३५ गाड्यांची रांग म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. तेवढ्या अंतरात एखादा चौक असला तर रांग त्या चौकात घुसते आणि ज्यांना पुलाकडे जायचंच नाही तेही अडकतात. मग आपला हिशोब पुलापुरता राहत नाही, आसपासच्या सगळ्या भागाचा होतो. लोक वैतागतात ते बहुतेक या टप्प्यावर.

गर्दीच्या वेळी बोटींना बंदी, हा उपाय इथूनच सुचतो आणि तो नवा नाही. शिकागोमध्ये एकोणिसाव्या शतकात नदी जहाजांनी गजबजलेली आणि पुलांवर कामगारांची गर्दी. शहरानं नियम केला की सकाळी ६ ते ७ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा पूल उघडायचे नाहीत. इतर वेळीही एका दमात दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडे ठेवायचे नाहीत. एक जहाज कंपनी याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १८८३ साली न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. नदी मोकळी राहिली पाहिजे हे मान्य, पण म्हणून शहरानं वेळेची वाजवी शिस्त लावू नये असं नाही, असा त्याचा मथितार्थ. आजच्या बहुतेक वेळापत्रकांचा सांगाडा तोच आहे. सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट पुलाखालची मोकळी उंची जेमतेम ३० फूट, त्यामुळे १९१७ साली सुरू झालेला हा पूल दिवसाला सरासरी ३५ वेळा उघडतो. पण कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ तो लहान बोटींसाठी उघडत नाही. १००० टनांच्या पुढच्या जहाजांना मात्र ही बंदी नाही. थांबता न येणाऱ्याला सूट द्यायची, हा मघाचा भेद तो हाच.

या बंदीला एक शेपूट असतं आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. दोन तास अडवलेल्या बोटी कुठे जातात? त्या पुलापाशी जमतात. नऊच्या ठोक्याला पूल उघडला की दहा-बारा बोटी एकामागून एक निघतात आणि पूल बराच वेळ उघडा राहतो. रस्त्यावरची गर्दी तर घड्याळ बघून संपत नाही, सव्वानऊपर्यंत ती ओसरतच असते. म्हणजे सर्वांत लांबलचक उघडणं नेमकं रस्त्याच्या सर्वांत नाजूक वेळी येऊन पडतं. त्यामुळे बंदीची वेळ गर्दीच्या वेळेइतकीच ठेवून भागत नाही. शेवटी थोडी जागा सोडावी लागते, नाहीतर बंदी मधल्या एका उघडण्यानं तोडावी लागते. मायामीच्या ब्रिकेल अ‍ॅव्हेन्यू पुलावर सकाळ, दुपारचं जेवण आणि संध्याकाळ अशा तीन बंद खिडक्या आहेत आणि कामाच्या दिवसाच्या उरलेल्या वेळात पूल तासाच्या ठोक्याला आणि अर्ध्या तासाला उघडतो. बोटी असतील तर. नसतील तर नाही.

एकेक सोडायच्या की गट करून?

तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या या पद्धतीमागे गट करायचा विचार आहे. ठरलेला खर्च प्रत्येक वेळी भरावा लागतो, मग चार बोटींसाठी चारदा का भरायचा?

पण इथे दुसरा नियम आडवा येतो. रस्त्याचा तोटा बंद वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट वेळ पूल बंद राहिला की दुप्पट गाड्या साचतात आणि त्यातली प्रत्येक सरासरी दुप्पट वेळ थांबते, म्हणून तोटा चौपट. तेव्हा गट फार मोठा झाला तरी चालत नाही.

समजा फाटक, झडपा, कड्या यांची मिळून ४ मिनिटं आणि प्रत्येक बोटीला १ मिनिट. एक बोट सोडली तर पूल ५ मिनिटं बंद. ५चा वर्ग २५, म्हणजे बोटीमागे तोटा २५ (एकक कुठलंही धरा, आपल्याला फक्त तुलना हवी आहे). दोन बोटी एकत्र सोडल्या तर ६चा वर्ग ३६, बोटीमागे १८. तिघींना ४९, बोटीमागे १६ च्या थोडं वर. चौघींना ६४, बोटीमागे बरोबर १६. पाच झाल्या की आकडा पुन्हा वर जायला लागतो आणि दहा बोटी एकत्र केल्या तर बोटीमागे जवळजवळ २० होतो.

सर्वांत स्वस्त गट चारचा निघाला. हा योगायोग नाही. बोटी जायला लागणारा एकूण वेळ ठरलेल्या खर्चाइतका झाला की तोटा सर्वांत कमी असतो, आकडे बदलले तरी हा नियम बदलत नाही. ज्या पुलाची यंत्रणा मंद, त्यानं जास्त बोटी साचू द्याव्यात. जो चपळ आहे त्यानं थोड्या बोटी घेऊन लवकर लवकर उघडावं. एका पुलाचं वेळापत्रक उचलून दुसऱ्याला चिकटवलं की ते बसत नाही, याचं एक कारण हे आहे. अट एवढीच, की पहिली रांग संपल्याशिवाय दुसऱ्यांदा उघडायचं नाही. रांग संपायच्या आत पुन्हा फाटक पडलं तर जुनी रांग आणि नवी रांग एकावर एक चढतात आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. पूल चालवणाऱ्या अनुभवी माणसाला हे सूत्रांशिवाय कळतं. त्याला रांगेचं शेपूट खिडकीतून दिसत असतं.

ठाऊक असलेली वाट आणि ठाऊक नसलेली

आता बोटीची बाजू. पूल दर अर्ध्या तासानं उघडत असेल आणि बोट केव्हाही आली तर सरासरी १५ मिनिटं थांबावं लागेल. पण हे तांडेलाला वेळ ठाऊक नसेल तेव्हा. वेळ ठाऊक असेल तर तो दोन किलोमीटर आधीच वेग कमी-जास्त करतो आणि पुलाशी बरोबर ठोक्याला पोचतो. थांबणं जवळजवळ शून्य. रेल्वेच्या फाटकाशी आपण चरफडतो ते किती वेळ लागणार हे कळत नसतं म्हणून. गाडी कधी येणार हे ठाऊक असतं तर घरून तेवढ्या बेतानं निघालो असतो. बोटीचंही तसंच, रस्त्यावरच्या गाड्यांचंही तसंच. माझ्या मते वेळापत्रकाची खरी ताकद पूल कमी वेळा उघडण्यात नाही, कधी उघडणार ते आधी कळण्यात आहे. ‘मागणी येईल तेव्हा’ उघडणारा पूल बोटीला सोयीचा वाटतो, पण तो रस्त्यावरच्या प्रत्येकाला अंधारात ठेवतो.

पूल एकच असता तर गोष्ट इथे संपली असती. पाण्यावर ते ओळीनं असतात. समजा दोन पूल ६ किलोमीटर अंतरावर आहेत आणि दोन्ही तासाला व अर्ध्या तासाला उघडतात. शिडाची होडी इंजिनावर ६ नॉट, म्हणजे तासाला सुमारे ११ किलोमीटर जाते. पहिल्या पुलाखालून ती १० वाजता निघाली तर दुसऱ्याशी १० वाजून ३२ मिनिटांनी पोचते. दोन मिनिटांनी हुकली, आता २८ मिनिटं घिरट्या घाला. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. दोन्ही वेळापत्रकं आपापल्या जागी अगदी वाजवी, एकत्र केली की मूर्खपणा.

दुसऱ्या पुलाची वेळ सरकवली तर? ती ५ मिनिटांनी पुढे नेली तर जाताना फक्त ३ मिनिटं थांबावं लागतं, पण येताना २३. १५ मिनिटांनी नेली तर जाता-येता १३-१३. बेरीज दोन्हीकडे २६ च! एका दिशेचं सुख दुसऱ्या दिशेच्या खिशातून जातं. रस्त्यावरच्या सिग्नलांची हिरवी लाट (एकामागून एक सगळे सिग्नल हिरवेच मिळतील अशी जुळणी) बसवणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत असतं. सकाळी सगळ्या बोटी समुद्राकडे आणि संध्याकाळी सगळ्या घराकडे जात असतील तर वेळापत्रक दिवसातून दोनदा बदलून फायदा होतो. दोन्हीकडून सारख्या येत असतील तर मध्यम मार्गच बरा. फ्लोरिडाच्या किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या जलमार्गावर म्हणूनच काही पूल तासाला-अर्ध्याला उघडतात तर काही सव्वाला-पाऊणला. वरच्या उदाहरणातली होडी तासाला १२ किलोमीटर गेली असती तर दोन्ही पुलांशी ठोक्याला पोचली असती, पण त्याच जलमार्गावर समुद्रगाईंच्या रक्षणासाठी मंद वेगाचे पट्टेही आखलेले आहेत. तिथे वेग वाढवायचा मार्गच बंद.

नेदरलँड्समध्ये पूल आणि पाणी दोन्ही मुबलक, त्यामुळे तिथे माहितीवर बरंच काम झालंय. ‘निळी लाट’ नावाच्या योजनांत पुलांचं उघडणं एकमेकांशी जुळवतात, तांडेलांना पुढचे पूल कधी उघडणार ते कळवतात आणि रस्त्यावरच्यांनाही आधी सूचना देतात.

रात्र

दोन्ही वाहतुकींना एकमेकींपासून तोडायचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे रात्र. हुगळी नदीवरचा जुना हावडा पूल तरंगत्या पडावांवर उभा होता. १८७४ साली तो सुरू झाला. जहाजांना वाट द्यायची तर मधला २०० फुटांचा भाग सोडवून बाजूला न्यावा लागे आणि तोवर दोन्ही काठांवर बैलगाड्या खोळंबत. १९०६ पर्यंत हे काम दिवसाच चालायचं. त्या वर्षी रात्री पूल उघडायला सुरुवात झाली आणि दिवसाचा खोळंबा कमी झाला. समुद्रावर जाणाऱ्या मोठ्या आगबोटींना मात्र दिवसाच जावं लागे, कारण अंधारात त्या अरुंद फटीतून एवढं धूड नेणं धोक्याचं. १९४३ साली नवा, न उघडणारा पूल आला आणि प्रश्नच मिटला.

सेंट पीटर्सबर्गमध्ये नेव्हा नदीवरचे मोठे पूल जलवाहतुकीच्या हंगामात मध्यरात्रीनंतर ठरल्या वेळी उचलतात आणि पहाटेपर्यंत जहाजं जातात. आम्सटरडॅममध्ये उंच डोलकाठीच्या होड्यांचा ताफा रात्री एकत्र शहर ओलांडतो, कारण वाटेतला रेल्वेचा पूल गाड्यांच्या धबडग्यातून तेव्हाच मोकळा मिळतो. दिवसाची कोंडी टळते, पण खर्च नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या माथी जातो. नेव्हाच्या चुकीच्या काठावर राहिलेला माणूस पहाटेपर्यंत अडकतो. २००४ साली तिथे न उघडणारा मोठा ओबुखोव्स्की पूल झाल्यावर निदान वळसा घालून जायची सोय झाली. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब यांच्यासाठीही अशी दुसरी वाट असणं फार मोलाचं. अमेरिकेच्या नियमांत यासाठी वेगळं कलमच आहे: तातडीचं वाहन येतंय असं खात्रीलायकपणे कळलं तर ते पोचेल तेव्हा पूल रस्त्यासाठी जोडलेला असावा म्हणून शक्य ते सगळं करायचं. संकटातल्या बोटीसाठीही तशीच तरतूद आहे.

नियम बदलायचा कुणी आणि कशावरून?

शहरानं मागितलं आणि वेळापत्रक बदललं, असं सहसा होत नाही. अमेरिकेत प्रस्ताव जाहीर होतो, लोकांची मतं मागवतात आणि अनेकदा आधी १८० दिवसांपर्यंत नवं वेळापत्रक चालवून पाहतात. या चाचणीच्या काळातले आकडे फार कामाचे असतात, फक्त योग्य ते मोजायला हवेत. पूल किती वेळा उघडला हे नोंदवहीत मिळतंच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वेळी किती मिनिटं बंद राहिला, रांग संपायला किती लागली, ती मागच्या चौकात घुसली का आणि किती बोटी किती वेळ अडकल्या. ही चाचणी कुठल्या महिन्यात घेतली तेही विचारायला हवं. हौशी बोटी उन्हाळ्यात आणि सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतात. हिवाळ्यात घेतलेली चाचणी सगळं छान चाललंय असंच सांगणार. भरतीला पुलाखालची जागा कमी होते, म्हणून उघडण्याच्या मागण्या वाढतात. ओहोटीला त्यातल्याच काही बोटी पूल न उघडता निघून जातात.

काही उघडणी तर गरज नसतानाच होतात. बोटीवरची खाली घेता येण्याजोगी अँटेना किंवा मासेमारीचे दांडे खाली न घेता पूल उघडायला लावणं अमेरिकेत नियमबाह्य आहे. अशा मागण्या गाळल्या तर कुणाचंही काही न बिघडता दोन्ही बाजूंचा फायदा होतो. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी बोटी तशाही कमी असतात. बऱ्याच पुलांवर खरी टक्कर शुक्रवारच्या संध्याकाळची आणि सुट्ट्यांची असते. भांडण वर्षभर चाललेलं असलं तरी तोडगा कधी कधी आठवड्यातल्या तीन-चार तासांपुरताच काढायचा असतो.

वेळापत्रकाला न जुमानणारी एक गोष्ट म्हणजे यंत्र. जुलै २०२४ मध्ये न्यूयॉर्कचा थर्ड अ‍ॅव्हेन्यू पूल उन्हानं पोलाद फुगल्यामुळे उघडलेल्या स्थितीतच अडकला आणि पाण्याचे फवारे मारून तो थंड करावा लागला. कडक उन्हाळ्यात दुपारचं उघडणं टाळायचं की नाही, हाही आता वेळापत्रकाचाच प्रश्न झालाय.

शेवटचा उपाय अर्थात पूल उंच करणं. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवरचा १९६१चा वुड्रो विल्सन पूल ५० फूट उंचीवर होता आणि वर्षाला सुमारे २६० वेळा उघडायचा, तोही देशातल्या सर्वांत वर्दळीच्या महामार्गांपैकी एकावर. नवा पूल बांधताना उंची ७० फूट केली. वीस फुटांचा फरक, पण उघडणं वर्षाला सुमारे ६५ पर्यंत खाली येईल असा अंदाज बांधला गेला. पूल उघडायला लावणाऱ्या बहुतेक डोलकाठ्यांची उंची त्या वीस फुटांच्या टप्प्यातच येत होती. रॉटरडॅमनं वेगळा मार्ग घेतला. १९२७चा ‘डे हेफ’ हा उचलता रेल्वेपूल १९९३ साली निवृत्त केला आणि गाड्या नदीखालच्या बोगद्यातून नेल्या. या दोन्ही उपायांना पैसा अफाट लागतो. उंच पुलाला तर दोन्ही काठांवर लांब चढही लागतो आणि दाट वस्तीच्या शहरात त्या चढाला जागा कुणाच्या घरातून काढायची, हा वाद उघडण्याच्या वेळेच्या वादापेक्षा कितीतरी कडवा असतो. म्हणून बहुतेक गावं आहे तोच पूल ठेवतात आणि दर काही वर्षांनी पुन्हा घड्याळ घेऊन बसतात.